सायकल पुन्हा सुरू केल्यावर खुबा दुखतो तेव्हा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय ४६, पूर्वी नियमित सायकल चालवायचात, मग चार वर्षं पूर्ण बंद. दोन महिन्यांपूर्वी तीच जुनी रोडबाइक काढून पुन्हा सुरुवात केली. पहिले तीन-चार आठवडे छान गेले. आता तासभर चालवलं की उजव्या जांघेत आत कुठेतरी चिमटा बसतो, उतरल्यावर पहिली काही पावलं लंगडत टाकावी लागतात, आणि रात्री उजव्या कुशीवर वळलं की खुब्याची बाहेरची बाजू ठणकते. खुब्याचा सांधा झिजला का आणि सायकल कायमची सोडावी का, हे तुमचे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. सोडू नका. खुब्याची खरोखर झीज झालेल्या माणसालाही आम्ही फिजिओथेरपिस्ट जे व्यायाम आवर्जून सांगतो त्यांत सायकल असते, कारण तिच्यावर सांधा भरपूर हलतो पण शरीराचं वजन त्याच्यावर आदळत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे देऊ नये. सायकल चालवणाऱ्यांचे खुबे-गुडघे तपासणं आणि त्यांच्या सायकलींची मापं बसवणं हेच माझं काम आहे, आणि तुमच्या वर्णनावरून झीज ही माझी पहिली शंका नाही. चार वर्षांत तुमचं शरीर बदललं, सायकलची मापं होती तिथेच राहिली, हे मला जास्त संभवनीय वाटतं. शिवाय तुम्ही सांगताय ती दोन वेगळी दुखणी आहेत. जांघेतला चिमटा हे एक, रात्रीचा बाहेरच्या बाजूचा ठणका हे दुसरं. ती वेगळी धरली नाहीत तर एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय करतो, आणि हे मी वारंवार पाहतो.

सुरुवातीचे आठवडे बरे जाऊन मग दुखणं का सुरू झालं, ते आधी समजून घ्या. व्यायाम पुन्हा सुरू केला की रक्तातल्या द्रवाचं प्रमाण एक-दोन आठवड्यांतच वाढायला लागतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, दम टिकू लागतो. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. स्नायू हाडाला बांधणारे टेंडन मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते ‘अजून दहा किलोमीटर जाऊ’, आणि खुब्याच्या टेंडनची तेवढी तयारीच झालेली नसते. जुनी आठवण यात भर घालते. पूर्वी इतकं अंतर सहज व्हायचं, तेव्हा आताही व्हायला हवं, असं प्रत्येकाला वाटतं.

आता आकड्यांत बघा. मिनिटाला ८५ फेऱ्या मारल्या तर तासाला प्रत्येक पायाच्या ५,१०० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत पेडल सर्वांत वर येतं तेव्हा गुडघा छातीच्या दिशेने उचलला जातो आणि खुबा घट्ट दुमडतो. पेडल खाली गेल्यावरही तो पूर्ण सरळ होत नाही, कारण धड पुढे झुकलेलं असतं. चालताना प्रत्येक पावलाला खुबा मागे उघडतो. सायकलवर बसल्याबसल्या तो एकदाही तसा उघडत नाही. त्यात दिवसाचे आठ तास खुर्चीत जात असतील तर तिथेही तो दुमडलेलाच. दुमडण्याचा हा कोन, विशेषतः पेडल वर असतानाचा, तुमच्या जांघेतल्या दुखण्याच्या मुळाशी असण्याची शक्यता मला सगळ्यांत जास्त वाटते.

ते घरीच पडताळून बघता येतं. जमिनीवर उताणे झोपा. डावा गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे सरळ ओढा, मग तोच गुडघा हळूहळू विरुद्ध खांद्याच्या दिशेने न्या. नंतर उजव्याचं तसंच करा. उजवा गुडघा डाव्यापेक्षा आधीच अडत असेल आणि सायकलवर बसतो तोच चिमटा जांघेत जाणवत असेल, तर दुखणं सांध्याच्या पुढच्या कडेशी आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातल्या वाटीत फिरतो, आणि वाटीच्या कडेला लॅब्रम नावाची कूर्चेची झालर असते. काहींच्या हाडाच्या मानेवर, म्हणजे माथ्याखालच्या अरुंद भागावर, जन्मापासून किंवा वाढीच्या वयात थोडा उंचवटा तयार झालेला असतो, काहींची वाटीची कड थोडी पुढे आलेली असते. अशा खुब्यात खोल दुमडताना हाडाला हाड लागतं आणि मधली झालर चिमटते. दुखणं दाखवायला सांगितलं की ही माणसं बहुतेक वेळा अंगठा मागे आणि बोटं पुढे ठेवून खुब्याला हाताची पकड घालतात, कारण ते आत खोल असतं, एका बोटाने दाखवता येत नाही.

दुसरी चाचणी बसून करायची. खुर्चीत बसा, उजवा गुडघा जरा वर उचला आणि हाताने तो खाली दाबत असताना वरच धरून ठेवा. जांघेत दुखलं तर खुबा दुमडणारा सोअस स्नायू आणि त्याचं टेंडन थकलेलं आहे. क्लिट, म्हणजे बूट पेडलला अडकवणारी तळव्याची खाच, लावून पेडल वर ‘ओढायची’ सवय असलेल्यांना हे फार होतं. त्यांना मी सांगतो, पाय वर येताना फक्त हलका सोडा, ओढू नका. जोर लावायची जागा पुढून खालीपर्यंतच आहे.

तिसरी चाचणी झिजेसाठी. उंच टेबलावर पाय लोंबते सोडून बसा, मांड्या न हलवता दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला न्या. उजवं पाऊल डाव्याच्या तुलनेत फारच कमी बाहेर गेलं, सकाळी उठल्यावर सांधा काही मिनिटं आखडलेला वाटत असेल आणि मोजे घालायला किंवा पायाची नखं कापायला वाकणं जड जात असेल, तर एक्स-रे काढून घ्यायला हवा. पण तेव्हाही घाबरू नका. एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. एमआरआयचं तर याहून जास्त. खुबा कधीच न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही लॅब्रमला चीर सर्रास सापडते. म्हणूनच २०१६ साली या विषयातले तज्ज्ञ इंग्लंडमधल्या वॉरिक इथे जमले तेव्हा त्यांनी ठरवलं की हाडांच्या घासण्याचं निदान करायला तीन गोष्टी एकत्र लागतात: त्रास, तपासणीतल्या खुणा आणि प्रतिमा. नुसता रिपोर्ट हातात धरून शस्त्रक्रियेचा विचार करू नका.

आता तुमचं दुसरं दुखणं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणारा जो हाडाचा उंचवटा आहे, तिथे नितंबाच्या दोन स्नायूंची टेंडन चिकटतात. एका पायावर उभे असताना कटी वाकडी होऊ न देणं हे त्या स्नायूंचं मुख्य काम. पूर्वी या जागेच्या दुखण्याला सरसकट बर्सा, म्हणजे टेंडन आणि हाडामधली द्रवाची पिशवी, सुजलाय असं म्हणायचे. आता आपल्याला कळलंय की बहुतेकांत मूळ त्रास टेंडनचाच असतो. चाळिशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा त्रास खूप दिसतो. उजव्या पायावर अर्धा मिनिट उभे राहा, तोलासाठी एक बोट भिंतीला टेकवा. तेवढ्यात बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं आणि तो उंचवटा दाबल्यावरही दुखला, तर शंका बळावते.

या टेंडनचा शत्रू म्हणजे दाब. मांडी आतल्या बाजूला गेली की टेंडन हाडाच्या उंचवट्यावर आवळलं जातं. म्हणून पायावर पाय टाकून बसणं, एका पायावर भार देऊन कंबर वाकडी करून उभं राहणं, कुशीवर झोपून वरचा पाय पुढे खाली पडू देणं, ही सगळी त्याला त्रास देतात. आणि लोक नेमकं उलट करतात. दुखतंय म्हणजे आखडलंय असं समजून पाय दुसऱ्या बाजूला ओढून ताण देतात, मांडीच्या बाहेरच्या बाजूवर कडक रोलर फिरवतात. क्षणभर बरं वाटतं आणि रात्री ठणका वाढतो. हे ताण आजपासून बंद करा. कुशीवर झोपायचंच असेल तर डाव्या कुशीवर, आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचेल अशी जाड उशी दोन्ही पायांच्या मध्ये.

याच दुखण्यावर ऑस्ट्रेलियात एक चांगली चाचणी झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली, २०४ रुग्णांची. एका गटाला दाब टाळायचं शिक्षण आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन, तिसऱ्याला फक्त वाट पाहायला सांगितलं. आठ आठवड्यांनी बरं वाटतंय असं म्हणणारे पहिल्या गटात सुमारे ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८ आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के होते. घरच्या घरी करायच्या साध्या व्यायामाने एवढा फरक पडत असताना लोक सुईकडे आधी वळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुखणं मागच्या बाजूला असतं तर वेगळं बोललो असतो. बसायच्या हाडापाशी दुखलं तर मांडीच्या मागच्या स्नायूंचं टेंडन, नितंबात खोल दुखून पायात कळ गेली तर कंबरेच्या मणक्याकडे बघावं लागतं. तुमच्या वर्णनात ते नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. पाय टेकवून उभं राहताच जांघेत तीव्र कळ येत असेल, कूस बदलूनही रात्री दुखणं कमी होत नसेल, ताप असेल, वजन विनाकारण उतरत असेल, नुकतेच पडला असाल किंवा कधी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलं असेल, तर व्यायाम-मापं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा जाणं किंवा हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा बंद होणं, या दोन्ही गोष्टी लवकर सापडल्या तरच निभावतं. जांघेत फुगवटा येत असेल तर हर्निया बघून घ्या. आणि एक खास सायकलस्वारांचा आजार आहे: जोर लावल्यावर एकाच मांडीत भरून आल्यासारखं होतं, पायातली ताकद जाते, आणि थांबलं की काही मिनिटांत सगळं पूर्ववत. हा सांध्याचा त्रास नसतो. जांघेच्या वरून जाणारी धमनी वर्षानुवर्षं दुमडून जाड आणि अरुंद झालेली असते. इटलीचा सायकलपटू फाबियो आरू याच्यावर २०१९ मध्ये यासाठीच शस्त्रक्रिया झाली, फ्रान्सची सायकलपटू पोलिन फेराँ-प्रेव्हो हिच्यावरही झाली, आणि पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने माउंटन बाइकचं सुवर्णपदक जिंकलं. तुमचं दुखणं उतरल्यावरही लंगडायला लावतं, म्हणून मला ही शंका नाही, पण लक्षण माहीत असलेलं बरं.

आता सायकलकडे. काहीही हलवण्याआधी सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, चिकटपट्टीची खूण करा, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बदल, आणि त्यावर निदान तीन राइड. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

सुरुवात सीटच्या उंचीपासून. सायकल भिंतीला टेकवून बसा, अनवाणी किंवा सपाट तळव्याची चप्पल घालून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, कटी एका बाजूला न झुकता. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात थोडा वाक आपोआप राहतो. पेडल तळाशी असताना साधारण २५ ते ३५ अंश असेल तर बरोबर. आकडा हवा असेल तर पायाची आतली लांबी जांघेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि तिला ०.८८३ ने गुणा. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत तेवढं अंतर येतं. हा सुरुवातीचा अंदाज आहे, अंतिम माप नव्हे.

सीट खाली असेल तर पेडल वर येताना गुडघा फार उंच जातो आणि जांघेतला चिमटा वाढतो. सीट फार वर असेल तर तळाला पोचायला कटी प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे डोलते, आणि बाहेरच्या टेंडनवर ताण येतो. तुम्हाला दोन्ही दुखणी आहेत, म्हणून अंदाजाने सीट वर-खाली करू नका. कोणाला तरी मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, तोही दमल्यावर, शेवटच्या पंधरा मिनिटांत. ताजेतवाने असताना सगळ्यांचीच कटी स्थिर असते. बदल ३ ते ५ मिलीमीटरचाच करा. आणि बूट किंवा पेडल नवीन घेतलं असेल तर तळव्याची जाडी बदलल्याने जुनी उंची आता बरोबर नाही, हे ध्यानात घ्या.

सीट ठीक असेल तर पुढची पायरी हँडल, आणि तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त फायदा इथेच होईल असं मला वाटतं. चार वर्षांपूर्वी तुम्ही जेवढं खाली वाकू शकत होता तेवढं आता वाकताना पाठ साथ देत नसेल, मग तो सगळा वाक खुब्यातून काढला जातो. हँडल २ सेंटिमीटर वर घेतलं की धड थोडं उभं होतं आणि पेडल वर असतानाचा खुब्याचा कोन उघडतो. स्टेम म्हणजे हँडल सायकलला जोडणारा आडवा तुकडा. त्याच्या वर स्पेसर, म्हणजे गोल कड्या, असतील तर त्या स्टेमच्या खाली घ्या. नसतील तर बहुतेक स्टेम उलटं करून बसवता येतं. त्यानंतर आधी वरचा बोल्ट आवळून हँडलच्या बेअरिंगमधला खडखडाट काढायचा आणि मगच बाजूचे बोल्ट घट्ट करायचे. हे काम आधी केलं नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. हँडल सैल राहणं धोक्याचं आहे. हँडल वर घेणं म्हणजे हार मानणं नव्हे. सहा महिन्यांनी ते पुन्हा खाली नेता येईल, तेही हळूहळू.

एवढं करून चिमटा अर्धाच कमी झाला तर क्रँकची लांबी बघा. क्रँकच्या आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो: १६५, १७०, १७२.५ किंवा १७५. समजा १७५ चा क्रँक काढून १६५ चा लावला. तळाचं अंतर तेवढंच राहावं म्हणून सीट १० मिलीमीटर वर घ्यावी लागते. वरच्या टोकाला पेडल १० मिलीमीटर खाली आलेलं असतं, म्हणजे सीटच्या तुलनेत तिथे पाय तब्बल २० मिलीमीटर कमी उचलावा लागतो. दुमडण्याचा कोन कमी करायचा याहून थेट मार्ग नाही. आखूड क्रँकने ताकद जाईल ही भीती निराधार आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० पासून २२० मिलीमीटरपर्यंतच्या टोकाच्या लांब्या तपासल्या, तरी सर्वाधिक शक्तीतला फरक ४ टक्क्यांच्या आसपासच होता. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाचा अव्वल सायकलपटू तादेई पोगाचार १६५ च्या क्रँकवर शर्यती जिंकत होता. फक्त चढावर गिअर थोडा हलका ठेवावा लागतो. खर्चाचा बदल आहे, म्हणून तो सीट आणि हँडलच्या नंतर.

पायांबद्दल माझं एक ठाम मत आहे. ‘गुडघे आत ठेवा, फ्रेमला घासून गेले पाहिजेत’ ही जुनी शिकवण अनेक खुब्यांना घातक आहे. ज्याच्या खुब्याची रचनाच थोडी बाहेर वळलेली आहे त्याचा गुडघा वर येताना जरा बाहेर जाणारच. त्याला जबरदस्तीने आत आणलं की पुढे झालर चिमटते आणि बाहेर टेंडन आवळलं जातं. म्हणजे तुमची दोन्ही दुखणी एकाच सवयीतून. गुडघा जिकडे जायला बघतो तिकडे जाऊ द्या. क्लिट वापरत असाल तर पाय थोडा फिरू देणारे घ्या. शिमानोच्या रोड क्लिटमध्ये पिवळे ६ अंश फिरू देतात, निळे २ आणि लाल अजिबात नाही. टेबलावर पाय लोंबते सोडून बसल्यावर पावलं जेवढी बाहेर वळतात तेवढाच क्लिटचा कोन ठेवा.

दोन पायांच्या लांबीत फरक आहे असं कोणी सांगितलं तर लगेच क्लिटखाली पट्टी लावू नका. थोडा फरक पुष्कळांत असतो आणि शरीर तो सांभाळून घेतं.

आता राइड कशी करायची. तुम्हाला साठाव्या मिनिटाला दुखतं, तर सध्या चाळीस मिनिटांवर थांबा. आठवड्यातून तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून, सपाट रस्त्यावर. गिअर हलका, फेऱ्या मिनिटाला ८५ ते ९५. जड गिअर लावून बसून चढ चढणं हे खुब्यासाठी सर्वांत वाईट मिश्रण आहे, ते पहिले सहा आठवडे नको. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभे राहा, कटी पुढे न्या, खुबे उघडू द्या. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवर बसवायच्या स्टँडवर, चालवत असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे सायकल जागेवर आवळलेली असते आणि शरीर नकळत जागा बदलत नाही. सायकलवर चढताना मागून पाय फेकू नका; सायकल जमिनीकडे भरपूर तिरकी करा आणि फ्रेमवरून पाय टाका.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. राइडमध्ये तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. सकाळी जास्त असेल तर पुढची राइड एक तृतीयांशाने कमी करा, पूर्ण बंद करू नका. दोन आठवडे सगळं ठीक गेलं की दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. वेळ, चढ आणि वेग या तिन्हींतलं एका आठवड्यात एकच वाढवायचं. निघण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. तुम्हाला थांबायची सूचना फक्त त्या दुखण्यातूनच मिळते, तीच गोळीने गप्प होते.

सायकलवरून उतरल्यावरचं काम राइडइतकंच मोलाचं आहे, आणि लोक नेमकं तेच टाळतात. पहिले दोन आठवडे दोनच व्यायाम. उताणे झोपून, गुडघे वाकवून, मांड्यांभोवती पट्टा बांधा आणि गुडघे बाहेर ढकला, पट्टा हलू न देता. अर्धा मिनिट धरा, पाच वेळा. दुखलं तर जोर कमी करा. दुसरा, तसंच झोपून कटी उचलणं, नितंब आवळून, दहा-दहाचे तीन संच. तिसऱ्या आठवड्यापासून एका पायाने कटी उचलणं, एक पाय पुढे एक मागे ठेवून खाली बसणं आणि जिन्याच्या एका पायरीवरून हळू खाली उतरणं जोडा. पायरीवरून उतरताना आरशात बघा: कटी एका बाजूला पडायला नको, गुडघा आत कोसळायला नको. सहाव्या आठवड्यापासून हातात वजन घ्या. टेंडन हलक्या कामाने बळकट होत नाही, त्याला वाढता भार लागतो. एकदिवसाआड पुरे, रोज नको.

जांघेचे ताण मात्र करू नका. चिमटा बसतो म्हणून गुडघा छातीशी दाबून सांधा मोकळा करायचा प्रयत्न बरेच जण करतात. बिजागरीत खडा अडकलेलं दार ढकलून मोकळं होत नाही, बिजागरी मात्र तुटते. तुमच्या खुब्याला खोल दुमडण्यापासून काही आठवडे सुट्टी हवी आहे. म्हणून खुर्चीचीही उंची वाढवा, गुडघे कटीपेक्षा थोडे खालीच राहायला हवेत, आणि अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं सध्या कमी करा.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा सांधा बदललेला असेल तर वेळापत्रक तुमच्या सर्जनने ठरवायचं. साधारणपणे आधी घरातली स्थिर सायकल, सीट नेहमीपेक्षा उंच, आणि बऱ्याच आठवड्यांनी रस्ता. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर खुबा ९० अंशांपलीकडे दुमडायला सुरुवातीला मनाई असते, आणि खाली हँडलची रोडबाइक ती मर्यादा सहज ओलांडते.

किती दिवस लागतील? मापं बरोबर बसली तर जांघेतला चिमटा दोन-तीन आठवड्यांत लक्षणीय कमी व्हायला हवा. बाहेरचं टेंडन आठ ते बारा आठवडे घेईल, काहींना त्याहून जास्त. मधे दोन दिवस वाईट गेले म्हणून घाबरू नका, आठवड्याआठवड्याची तुलना करा. सहा आठवडे हे सगळं प्रामाणिकपणे करूनही जांघेतलं दुखणं जागचं हललं नाही, किंवा पाऊल बाहेर नेण्याच्या चाचणीत उजवी बाजू आणखी आखडली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि उभं राहून काढलेला कटीचा साधा एक्स-रे घ्या. एमआरआय त्यानंतर, आणि त्याने उपचार बदलणार असतील तरच. फिजिओकडे जाल तेव्हा सायकल, बूट आणि मागून काढलेला तो व्हिडिओ सोबत न्या. नुसता खुबा तपासून निम्मीच माहिती मिळते.